खुणा जुळल्या, तरी गाडी ओढत नाही: कॅम टायमिंग नेमकं कसं मोजायचं

इंजिन नुकतंच बांधलेलं असतं. ब्लॉक बोअर केलेला, पिस्टन-रिंगा नव्या, हेड प्लेन करून व्हॉल्व्ह लॅप केलेले, टायमिंग बेल्टही नवा. बेल्ट बसवायच्या पुलीवरच्या खुणा दोन जणांनी तपासलेल्या. गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते, आवाजही गोड असतो. मग मालक करूळ घाट चढून येतो आणि म्हणतो, ‘आधीच बरी होती.’

कोल्हापुरात इंजिनं बांधताना हे दुखणं माझ्याकडे इतक्या वेळा आलंय, की आता मी तपासणीचा क्रम ठरवूनच टाकलाय. सगळ्यात जास्त वेळा ते आलं जिप्सीच्या 1298 सीसी पेट्रोल इंजिनावर, म्हणून खालची उदाहरणं त्याच मापाची आहेत: बोअर 74 मिमी, स्ट्रोक 75.5 मिमी, हेडमध्ये एकच कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि त्याला फिरवणारा बेल्ट. पद्धत मात्र हेडमध्ये कॅम असलेल्या कुठल्याही इंजिनाला लागू पडते.

लक्षणं

कॅम उशिरा चालत असेल, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे उघडायला-मिटायला हवेत त्याच्या थोडं नंतर उघडत-मिटत असतील, तर खालच्या आरपीएमला गाडीत जीव नसतो. क्लच सोडताना ॲक्सिलरेटर जास्त द्यावा लागतो. चढाला गिअर लवकर उतरवावा लागतो. पण तीन-साडेतीन हजारांच्या वर गेली की तीच गाडी बरी पळते. पेट्रोल जास्त खाते. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरना सारखंच, पण थोडं कमी येतं. हे ‘सारखंच’ फार महत्त्वाचं आहे, कारण रिंग किंवा व्हॉल्व्ह गळत असेल तर एखादं सिलिंडर वेगळं दिसतं. कॅम चुकला तर चारही एकत्र खाली येतात.

कॅम लवकर चालत असेल तर उलट. खाली गाडी दमदार वाटते, वर गेल्यावर गुदमरते. ही तक्रार माझ्याकडे क्वचित येते. दहापैकी आठ-नऊ वेळा कॅम उशिराच सापडतो. त्यामागे कारण आहे, ते पुढे येईल.

एक दातच चुकला असेल तर लक्षणं इतकी ठळक असतात की मोजायची गरज पडत नाही. कॅमच्या पुलीला 40 दात धरा. एक दात म्हणजे कॅमच्या 9 डिग्री, आणि कॅमच्या एका फेऱ्यात क्रँक दोन फेरे घेतो, म्हणून क्रँकच्या 18 डिग्री. इतका फरक कुणालाही कळतो. त्रास देतो तो 4 ते 8 डिग्रीचा फरक. खुणेकडे पाहून तो दिसत नाही आणि दात सरकवून तो निघत नाही.

आधी फुकटातली तपासणी

प्लग काढा आणि इंजिन हाताने, सरळ दिशेने, क्रँकचे पूर्ण दोन फेरे फिरवा. मग खुणा पुन्हा पाहा. बेल्ट बसवताना टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी कप्पी) पूर्ण लागलेला नसतो आणि ढिलाई भलत्याच बाजूला अडकलेली असते. दोन फेऱ्यांनंतर ती जागेवर येते आणि बसवताना जुळलेली खूण कधीकधी अर्धा दात हललेली दिसते.

आता क्रँकवर तुम्ही कुठली खूण धरली ते पाहा. बाहेरच्या पुलीवरची खूण इग्निशनसाठी असते. बेल्टसाठीची खूण आतल्या दातांच्या पुलीवर. घाईत या दोन्हींची गल्लत होते. शिवाय ज्या पुलीत रबर असतं, तिची बाहेरची कडी रबरावरून सरकू शकते, आणि मग खूण खोटं बोलते.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह मिटलेला असताना ठेवलेली फट, फीलर गेजने पुन्हा तपासा. टॅपेट घट्ट असेल तर व्हॉल्व्ह लवकर उघडतो आणि उशिरा मिटतो, कॉम्प्रेशन पडतं, आणि आपण कॅमला दोष देत बसतो. इग्निशन टायमिंगही आधी बरोबर करून घ्या. मागे राहिलेलं इग्निशन आणि मागे राहिलेला कॅम गाडी चालवताना जवळजवळ सारखेच वाटतात.

यानंतर व्हॉल्व्हचा झुलवा पाहा. एक नंबर सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटत असतो आणि इनटेक उघडत असतो, त्या टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) क्रँक आणा. म्हणजे चार नंबरचा कॉम्प्रेशनचा टीडीसी. क्रँक थोडा पुढे-मागे हलवला की दोन्ही व्हॉल्व्ह आळीपाळीने झुलतात. नेमक्या टीडीसीला दोन्ही साधारण सारखे उघडे असतील, किंवा इनटेक किंचित जास्त, तर ढोबळमानाने ठीक. एक्झॉस्ट ठळकपणे जास्त उघडा असेल तर कॅम मागे, म्हणजे उशिरा आहे. हा नुसता अंदाज आहे, कंपनीचे सगळे कॅम सारखे नसतात. पण दोन मिनिटांत दिशा कळते.

थोड्या पैशांतली दोन गेजं

कॉम्प्रेशन गेज लावताना इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली, पेट्रोल आणि स्पार्क बंद. यातली एक अट मोडली तरी आकडा निरुपयोगी होतो. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घ्या. आकडा उसळला तर रिंगांकडे बघा. जागचा हलला नाही आणि चारही सारखे असतील तर कॅमचा संशय बळावतो. मात्र हेड जास्त प्लेन केलेलं असेल तर हे गेज फसवतं. प्लेन केल्याने कॉम्प्रेशन वाढतं, उशिरा मिटणाऱ्या इनटेकने ते कमी होतं, आणि आकडा बरोबर दिसतो. म्हणून चार-पाच डिग्रीच्या चुकीत मी नुसत्या कॉम्प्रेशनवर विसंबत नाही.

व्हॅक्यूम गेज जास्त खरं सांगतं. समुद्रसपाटीला चांगल्या स्टॉक इंजिनाचा आयडलचा व्हॅक्यूम साधारण 17 ते 21 इंच (पाऱ्याचे) असतो. दर 300 मीटर उंचीला तो सुमारे एक इंच उतरतो. पुणे आणि कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास आहेत, म्हणून इथे पावणेदोन इंच आधीच वजा करायचे. हा हिशेब न केल्यामुळे चांगली इंजिनं पुन्हा खोललेली मी पाहिली आहेत. काटा थरथरत नसेल, स्थिर असेल, पण तीन-चार इंच खाली उभा असेल आणि इग्निशन बरोबर असेल, तर व्हॉल्व्ह उशिरा चालताहेत असं समजून पुढे जा.

कॅम उशिराच का सापडतो

पहिलं कारण हेड प्लेन करणं, म्हणजे त्याचा तळ घासून सपाट करणं. हेड आणि ब्लॉकचं मिळून जेवढं मटेरियल काढलं जातं, तेवढा कॅम क्रँकच्या जवळ येतो. क्रँक बेल्टची ओढणारी बाजू खाली खेचतो. तिथलं अंतर कमी झालं की तेवढा जास्तीचा बेल्ट आधी ओढून घ्यावा लागतो आणि मग कॅम त्याच जागी पोचतो. टेन्शनर ढिल्या बाजूला असतो, त्यामुळे तो ही चूक भरून काढू शकत नाही.

किती फरक पडतो ते स्वतः काढा. कॅम पुलीचे दात 40 आणि दोन दातांतलं अंतर 8 मिमी असेल तर परीघ 320 मिमी. एक मिमी म्हणजे कॅमच्या सुमारे 1.1 डिग्री, क्रँकच्या सव्वादोन. एकदा 0.2 मिमी प्लेन केलेल्या हेडने काहीच बिघडत नाही. पण तिसऱ्यांदा प्लेन झालेलं हेड, घासलेला ब्लॉक आणि वर पातळ गॅस्केट, असं मिळून एक मिमी गेलं की दोन डिग्री गेल्या.

दुसरं कारण क्रँकची चावी, म्हणजे पुलीला क्रँकवर जागच्या जागी धरणारा लोखंडी तुकडा. पुढचा बोल्ट पूर्वी कधी ढिला राहिला असेल तर चावी आणि तिचा खाचा झिजतो. क्रँकच्या टोकाचा व्यास 28 मिमी धरला तर पाव मिमीचा खेळ म्हणजे क्रँकची एक डिग्री. पुली हाताने हलवून पाहा. अगदी पुसटसा ‘टक’ जाणवला तरी चावी काढून बघायची.

तिसरं, पुली आणि कॅम बनवताना राहिलेला थोडाथोडा फरक. दुसऱ्या मेकची पुली, पुन्हा ग्राइंड केलेला कॅम, पिनचं किंचित सरकलेलं भोक, प्रत्येकात एखादी डिग्री.

हेड प्लेन होणं आणि चावी झिजणं, दोन्ही कॅमला मागेच टाकतात. जुना बेल्ट किंवा चेन ताणली तर तीही मागेच टाकते. व्हॉल्व्ह स्प्रिंगांचा भार कॅमला मागे धरून ठेवतो आणि वाटेतली प्रत्येक ढिलाई त्याच दिशेने उघडते. म्हणून छोट्या चुका एकमेकींना खोडत नाहीत, साचत जातात. बुलेटसारख्या इंजिनात कॅम खाली असतो आणि गिअरने फिरतो, तिथे हेड प्लेन केल्याने कॅम टायमिंग बदलत नाही. तिथे बदलतं ते पुशरॉडचं अंतर.

आता खरं मोजमाप

लागतं काय? एक डिग्री चाक (क्रँकवर बसवायचं, 360 डिग्रींच्या खुणांचं), मॅग्नेटिक स्टँडसह डायल गेज, पिस्टन अडवायला एक स्टॉप, आणि काटा म्हणून जाड तार. चाक विकत नको असेल तर कागदावर छापून ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर चिकटवा. व्यास 229 मिमी ठेवा, म्हणजे परिघावर एका डिग्रीला बरोबर 2 मिमी मिळतात आणि अर्धी डिग्री डोळ्याने वाचता येते. लहान चाकावर अर्धी डिग्री वाचली असं फक्त वाटतं.

टीडीसी आधी, बाकी सगळं नंतर. या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

प्लगच्या भोकातून स्क्रू-ड्रायव्हर घालून ‘आता वर आला’ म्हणायची सवय आपल्याकडे सगळ्यांना आहे. पण टीडीसीजवळ पिस्टन जवळपास थांबलेलाच असतो. 75.5 मिमी स्ट्रोक आणि साधारण 120 मिमीचा कनेक्टिंग रॉड धरून हिशेब केला, तर टीडीसीपासून 2 डिग्री दूर असताना पिस्टन फक्त 0.03 मिमी खाली असतो. 5 डिग्री दूर असतानाही जेमतेम 0.19. म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरने टीडीसी धरणारा माणूस कितीही सरावलेला असला, तरी दोन-तीन डिग्री इकडेतिकडे असणारच. मी स्वतः एका जिप्सीत असा टीडीसी धरून कॅम 5 डिग्री मागे ‘मोजला’, पुली सरकवली, आणि गाडी वरच्या टप्प्यात मंदावली. पुन्हा खोलून स्टॉपने मोजलं तेव्हा कळलं की खरी चूक दोनच डिग्रींची होती. उरलेल्या तीन माझ्या टीडीसीच्या होत्या.

स्टॉप करायला जुना प्लग घ्या. आतली पोर्सिलेन फोडून काढा, शरीरात आटे पाडून लांब बोल्ट बसवा आणि त्याचं टोक गोल घासा. पिस्टन टीडीसीपासून बराच खाली आणून स्टॉप लावा. बोल्टचं टोक उघड्या व्हॉल्व्हला लागत नाही, याची खात्री करा. आता इंजिन फक्त हाताने, हळू. सेल्फ अजिबात नाही. पिस्टन स्टॉपला टेकला की चाक वाचा. उलट फिरवून दुसऱ्या बाजूने टेकवा, पुन्हा वाचा. समजा एका बाजूला 38 आणि दुसऱ्या बाजूला 44 आलं. बेरीज 82, निम्मी 41. दोन्ही बाजूंना 41 येईपर्यंत काटा 3 डिग्री सरकवा आणि पुन्हा दोन्हीकडून टेकवून पाहा. दोन्ही आकडे सारखे आले की चाकावरचा शून्य हाच खरा टीडीसी. इथे दर डिग्रीला पिस्टन ठळक हलत असताना अडवला जातो, म्हणून चूक राहत नाही.

स्टॉप काढा. हे विसरू नका.

डायल गेज एक नंबरच्या इनटेक व्हॉल्व्हच्या वरच्या वाटीवर टेकवा. गेजची दांडी व्हॉल्व्हच्या रेषेतच हवी. 20 डिग्री तिरकी लागली तर लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडला ते माप) सहा टक्के चुकते. गेजला पुरेसा दाब द्या, नाहीतर व्हॉल्व्ह खाली जाताना टोक मध्येच सुटतं.

इंजिन सरळ दिशेने फिरवून व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि जास्तीत जास्त लिफ्टला गेज शून्य करा. हा शिखराचा आकडा म्हणून वापरू नका. कॅमचं नाकही टीडीसीसारखंच सपाट असतं, तिथे चार-पाच डिग्री गेज हलतच नाही. क्रँकचे पूर्ण दोन फेरे मारून पुन्हा या. शिखराच्या 1 मिमी आधी थांबून चाक वाचा. पुढे जा, शिखर ओलांडून 1 मिमी खाली उतरल्यावर पुन्हा वाचा. समजा टीडीसीनंतर 78 आणि 146 आलं. सरासरी 112. कॅमसोबत येणाऱ्या मापांच्या कार्डावर 108 असेल तर कॅम 4 डिग्री मागे आहे. इनटेकसाठी आकडा मोठा म्हणजे कॅम उशिरा.

आकड्याच्या पुढे गेलात तर तसंच मागे येऊ नका. उलट फिरवलं की बेल्टची ढिलाई बाजू बदलते आणि वाचन बिघडतं. कंटाळा येतो हे खरं, पण पुन्हा दोन फेरे मारून यायचं. जोरदार स्प्रिंगा असतील तर शिखर ओलांडताना कॅम स्वतःच पुढे झेपावतो. तेव्हा त्या सिलिंडरला मोजण्यापुरत्या हलक्या स्प्रिंगा लावा. तीन वेळा मोजा. तिन्ही आकडे अर्ध्या डिग्रीत आले नाहीत तर गेजचा स्टँड हलतोय किंवा काटा वाकलाय. तेव्हा सरासरी काढायची नाही, कारण शोधायचं.

रीग्राइंड केलेल्या कॅमचं नाक दोन्ही बाजूंना सारखं असेलच असं नाही. त्याला सरासरीची पद्धत एखाद-दोन डिग्रींनी फसवते. अशा वेळी कार्डावर दिलेल्या लिफ्टला, बहुधा 1 मिमीला, उघडण्याचं आणि मिटण्याचं माप घ्या. टीडीसीच्या 12 आधी उघडला, बीडीसीनंतर (पिस्टन सगळ्यात खाली असतो ती जागा) 40 ला मिटला, तर एकूण 12 अधिक 180 अधिक 40, म्हणजे 232. निम्मे 116, त्यातून 12 वजा, मध्य 104. इथे कार्डवरचं माप व्हॉल्व्हवर घेतलंय की फॉलोअरवर (कॅमला टेकून हलणाऱ्या भागावर), आणि टॅपेट किती ठेवून, हे आधी विचारून घ्या. त्याशिवाय तुलनेला अर्थ नाही.

कार्डच नसेल तर? इंजिन खोलायच्या आधी, गाडी चांगली चालत असतानाच, हे माप घेऊन ठेवा. मी आता प्रत्येक हेड उतरवण्याआधी घेतो आणि वहीत लिहितो. सर्व्हिस मॅन्युअलमधले उघडण्या-मिटण्याचे आकडे बहुतेकदा जवळपास शून्य लिफ्टचे असतात, ते गेजवर पकडता येत नाहीत.

दुरुस्ती

चावी किंवा खाचा झिजलेला असेल तर आधी तोच बदला आणि पुन्हा मोजा. नंतर उरलेला फरक ॲडजस्टेबल पुलीने किंवा सरकवलेल्या चावीने काढा. दोन डिग्रींच्या आतली चूक रोजच्या गाडीत मी सोडून देतो. तिच्यासाठी पैसे घालवणं मला पटत नाही.

कॅम हलवला, हेड प्लेन केलं किंवा कॅम बदलला, की व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर तपासलंच पाहिजे. कॅम पुढे घेतला की इनटेकचं अंतर कमी होतं, मागे घेतला की एक्झॉस्टचं. पिस्टनवर मुलांच्या खेळण्यातली मऊ माती ठेवा, थोडं तेल लावा, हेड जुन्या गॅस्केटसह आवळा, दोन फेरे हाताने फिरवा, उघडा आणि माती कापून जाडी मोजा. इनटेकला 2 मिमी, एक्झॉस्टला 2.5 मिमीपेक्षा कमी आलं तर मी ते इंजिन सुरू करत नाही. तुमचं इंजिन बेल्ट तुटल्यावर व्हॉल्व्ह वाकवणाऱ्यांतलं नाही, असं कुणी सांगितलं तरी हे करा. प्लेन केलेल्या हेडला ती खात्री उरत नाही.

इथे थांबा

हाताने फिरवताना कडक अडथळा लागला तर जोर लावू नका. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकलाय. आणखी एक झटका दिला की व्हॉल्व्ह वाकतो.

क्रँकवरचा खाचा पसरलेला असेल तर नवी चावी ठोकून काम भागत नाही, काही महिन्यांत तोच खेळ परत येतो. क्रँक उतरवून चांगल्या मशीन शॉपला द्या.

एक नंबरला आणि चार नंबरला मोजलेल्या मध्यांत दोन-तीन डिग्रींचा फरक आला, किंवा एखाद्या लोबची (कॅमवरच्या उंचवट्याची) लिफ्ट बाकीच्यांपेक्षा कमी आली, तर कॅम झिजलाय किंवा चुकीचा ग्राइंड झालाय. पुलीने हे सुधारत नाही. कॅम आणि तुमचे लिहिलेले आकडे घेऊन कॅम ग्राइंडरकडे जा.

व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर वर दिलेल्या मापांच्या खाली असेल तर पिस्टनला खळगे पाडायचे, जाड गॅस्केट वापरायची की दुसरं हेड शोधायचं, हा निर्णय इंजिन बांधणाऱ्या अनुभवी माणसाबरोबर बसून घ्या. घरी ग्राइंडरने पिस्टन खोदू नका.

आणि ज्या इंजिनात कॅमची पुली ऑइलच्या दाबाने स्वतःच पुढे-मागे होते, तिथे ही पद्धत वापरण्याआधी ती पुली तिच्या ठरलेल्या जागी लॉक करावी लागते. त्यासाठी त्या इंजिनाची टूल्स आणि स्कॅनर लागतो. ते नसेल तर कव्हर उघडण्याआधीच, ज्याच्याकडे ते आहे त्याच्याकडे गाडी पाठवा.